आधी टिप, मग पेटी

पूल खेळायला लागलेल्या माणसाची खरेदीची हौस त्याच्या खेळाच्या फार पुढे धावते. पांढरा चेंडू अजून स्वतःच पॉकेटात उडी घेतोय, आणि हा रात्री जागून कार्बन फायबरच्या क्यूचे भाव बघतोय. ब्रेकसाठी वेगळा क्यू, तीन बोटांचा हातमोजा, वर चामड्याची लांबलचक पेटी. पेटीमुळे पार्लरमध्ये शिरताना जरा वजन पडतं, हे मान्य. पहिल्या शॉटपर्यंत ते टिकतंही.

खरं तर भिंतीवरच्या रॅकमधला क्यू पुष्कळ झाला. फक्त निवडताना लाजू नये. तो टेबलावर आडवा ठेवून घरंगळवावा. टोक थुईथुई नाचायला लागलं की मुकाट्याने परत ठेवावा. वजन १९-२० औंस, म्हणजे साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पूल आणि स्नूकर शेजारी शेजारी नांदतात, त्यामुळे क्यूंची सरमिसळ होते. स्नूकरच्या क्यूची टिप ९-१० मिलिमीटरची, पूलच्या क्यूची १२-१३. पूलचा चेंडूही थोराड, ५७ मिलिमीटरचा, स्नूकरचा साडेबावन्न. तेव्हा जाड टोकाचाच उचलावा.

पण माझं ऐकाल तर सगळी चिकित्सा त्या टिपेपाशी करा. चामड्याची एवढीशी चकती, पण खेळ तिच्या जिवावर चालतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्स्वा मिंगो या फ्रेंच कॅप्टनने ती लोकप्रिय केली. तुरुंगात बिलियर्ड्सचं टेबल मिळालं, आणि अभ्यास पुरा व्हावा म्हणून गृहस्थाने शिक्षा वाढवून मागितली, असं सांगतात. एवढी निष्ठा आपल्याकडून कोणी मागत नाही. टिप गोलसर, किंचित खरखरीत आहे ना, एवढंच बघायचं. सपाट होऊन चकाकत असेल तर ती चेंडूवरून सटकणार आणि शेजारच्या टेबलावरची पोरं हसणार.

उरला निळा चॉक. तो शाळेतल्या खडूचा नातेवाईक नव्हे. त्यात सिलिका आणि घासणारी पूड असते, म्हणून टिप चेंडूला धरते. नवशिके तो टिपेवर ड्रिल मशीनसारखा गरगर फिरवतात, मग मधोमध खड्डा पडतो आणि नाक निळं होतं. हलक्या हाताने, कडेकडेने फिरवायचा, आणि तोही प्रत्येक शॉटआधी. हातमोजा घाम फार येत असेल तरच.

स्वतःचा क्यू जरूर घ्या, पण टेबलाच्या तासांचे पैसे आधी बाजूला काढून ठेवा.