पाच डॉलरचा हत्ती

हल्ली प्रत्येक सोसायटीत एक डिझायनर असतो. पूर्वी तबला शिकणारा एक असायचा, त्याचा निदान आवाज तरी यायचा. हा मात्र रात्री दोनपर्यंत दार लावून काय करतो, हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. विजेचं बिल तेवढं वेळेवर येतं.

आमचा डिझायनर तिसऱ्या मजल्यावर राहतो. कागदोपत्री तो बी.कॉम. करतो. शाळेत असताना इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड मिळाली तेव्हा घरच्यांनी पेढे वाटले होते. बारावीनंतर त्याने मुंबईला जे. जे. मध्ये जायचं काढलं आणि चित्रकला हा त्या घरात एका रात्रीत छंद झाला. मग त्याने वडिलांसाठी कॉमर्सला प्रवेश घेतला आणि स्वतःसाठी यूट्यूब लावलं.

असा मुलगा शिकू लागला की पहिला बदल हातात दिसत नाही, डोळ्यांत दिसतो. लग्नाला गेला की नवरा-नवरीच्या आधी तो दारावरचा फलक बघतो. मागच्या हंगामात एका कार्यालयाबाहेर 'शुभविवाह'कडे बघत तो खिन्नपणे म्हणाला, "कर्निंग गेलंय." दोन अक्षरांमधलं अंतर बिघडलंय, एवढंच त्याला म्हणायचं होतं. शेजारच्या काकूंनी पदर सावरत हळूच विचारलं, "वय काय होतं हो?"

मराठीतली पहिली पत्रिका त्याने केली ती आत्याच्या नणंदेच्या मुलीची. मजकूर फोटोशॉपमध्ये चिकटवला आणि 'चिरंजीव'ची वेलांटी 'च'च्या डावीकडे बसायची ती उजवीकडे जाऊन बसली. जोडाक्षरं मोडली, पाय सुटे लोंबू लागले. आठ दिवस तो फॉन्टला शिव्या घालत होता. दोष फॉन्टचा नव्हता. त्या प्रोग्रामात भारतीय लिप्यांची मांडणी सेटिंगमध्ये जाऊन निवडावी लागते, नाहीतर उच्चारात मागून येणारी वेलांटी कागदावर आधी काढायची असते हे त्याला ठाऊकच नसतं. हे कळेपर्यंत नणंदेने दुसरीकडून पत्रिका छापून वाटल्यासुद्धा होत्या.

खरं शिक्षण झालं ते एस. टी. स्टँडमागच्या फ्लेक्सच्या दुकानात. तिथले काका कोरलड्रॉवर काम करतात आणि श्रीलिपीत कीबोर्डकडे न बघता टाइप करतात. समोर चहा, कानाला फोन, आणि माउसने भावी नगरसेवकाचं डोकं पार्श्वभूमीतून कापणं चालू. केसांची कड सुटली तर 'थोडं फेदर मार' म्हणतात आणि पुढचं डोकं घेतात. यूट्यूबवर 'व्हिज्युअल हायरार्की'वर तासाभराची व्याख्यानं ऐकून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते इथे एका दुपारी शिरलं. उपसरपंचांचा चेहरा सरपंचांपेक्षा अर्धा इंच मोठा झाला, तर फ्लेक्स परत येतो. बरोबर माणसंही येतात.

रंगाचा धडाही तिथलाच. एका वाढदिवसाच्या फलकाला त्याने डोळे दिपतील असा पोपटी रंग दिला. छापून आला तो शेवाळी. हा तावातावाने स्क्रीन दाखवू लागला, तेव्हा काका म्हणाले, "स्क्रीन उजेड देते बाळा. शाई उजेड देत नाही." आरजीबी आणि सीएमवायके यांतला फरक याहून कमी शब्दांत कुणी सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. काकांचा दुसरा नियम धंद्याचा होता: पैसे आल्याशिवाय गुंडाळी सोडायची नाही. निकालानंतर देतो म्हणणारा पडला, तर कुणाच्या दारात जायचं?

पण स्टँडमागे राहून डॉलर मिळत नाहीत. डॉलरचं वेड त्याला शाळेतच लागलं होतं. २०२१च्या मार्चमध्ये बीपल नावाच्या अमेरिकन चित्रकाराचं एक डिजिटल चित्र क्रिस्टीजच्या लिलावात ६ कोटी ९३ लाख डॉलरला गेलं. हा आकडा त्याने अख्ख्या वर्गाकडून पाठ करून घेतला. ते चित्र म्हणजे २००७पासून रोज एक याप्रमाणे केलेल्या ५००० चित्रांचा पट होता. हा दुसरा आकडा मात्र कुणालाच पाठ झाला नाही. पुढे त्यानेही 'रोज एक चित्र' असा संकल्प सोडला. दत्तजयंतीला सुरू झालेला तो उपक्रम संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर गोड झाला.

कॉलेजात गेल्यावर त्याने एट्सी या ऑनलाइन बाजारात दुकान काढलं. पहिला माल म्हणजे गणपती. रेषा चार, सोंड एक, बाकी सगळी मोकळी जागा. चित्राला एक संध्याकाळ लागली. त्याला टॅग लावायला मात्र दोन दिवस लागले, कारण तिथे तेराच टॅग देता येतात आणि ओहायोतली बाई शोधताना काय टाइप करेल, यावर सगळी भिस्त असते. ती 'गणपती' टाइप करणार नाही. म्हणून विघ्नहर्त्याचा आधी 'मिनिमलिस्ट एलिफंट' झाला आणि मग 'नर्सरी डेकोर'. आजीने विचारलं, "उंदीर कुठाय?" तर म्हणाला, "तिकडे उंदीर चालत नाही, आजी. घरात उंदीर दिसला की ते माणूस बोलावतात."

मग मॉकअप. पांढरा सोफा, पांढरी भिंत, फुलदाणीत वाळकं गवत आणि भिंतीवर लाकडी चौकटीत आपला हत्ती. हे सगळं तो ज्या खोलीत बसून करतो, तिथे त्याच्या डोक्यावरून वाळत घातलेल्या बनियनची दोरी जाते.

किंमत पाच डॉलर. वडील बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनी लगेच कागद ओढला. माल मांडायचे २० सेंट, ते चार महिन्यांपुरते. विकला गेला की साडेसहा टक्के दुकानाचे. वर पैसे वळते करण्याचा खर्च, वर डॉलरचा रुपया करताना कापणारे वेगळे. वडील चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे तू सोडून सगळे कमावतात." त्यावर याने ऐकून ठेवलेलं उदाहरण फेकलं: एक चित्र एकदाच काढायचं आणि हजारदा विकायचं, हे राजा रवि वर्मांनीही केलंय, १८९४ साली मुंबईत छापखाना काढून. वडिलांनी शांतपणे सांगितलं, की तो छापखाना पुढे मळवलीला नेला, कर्जात गेला आणि शेवटी एका जर्मन माणसाला विकावा लागला. बँकेतल्या माणसाशी इतिहास बोलू नये.

पहिली विक्री झाली तेव्हा मात्र घरात शिरा झाला. गिऱ्हाईक न्यू जर्सीचं, अधिक चौकशीअंती मावसबहीण. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला, "अरे, तुझं पार्सल अजून पोचलं नाही!" फाइल उतरवून घ्यायची असते, आठ बाय दहा इंचांना २४०० बाय ३००० पिक्सेल दिलेत, प्रिंट तुमची तुम्ही काढायची, हे त्याने मालाखाली तीनदा लिहिलं होतं. ते न वाचता तिने एक तारा देऊन टाकला होता. घरचीच म्हणून काढून घेतला, पण काढून घ्यायच्या आधी मावशीला दोन फोन करावे लागले.

हत्ती त्यानंतर फारसा चालला नाही. चाललं ते भलतंच. एका रविवारी कंटाळून त्याने साफसफाईचं साप्ताहिक वेळापत्रक केलं. सोमवारी फ्रीज पुसणे, मंगळवारी पडदे झटकणे, पुढे खूण करायला चौकोन. कला म्हणाल तर सात रेघा. ते इतकं खपलं, की आता त्याच्या दुकानात अशी चौदा वेळापत्रकं आहेत आणि हत्ती कोपऱ्यात उभा आहे. आईचं म्हणणं एवढंच, की सातासमुद्रापलीकडच्या बायकांना फ्रीज कधी पुसायचा ते सांगणाऱ्याने स्वतःच्या गादीवरची चादर वर्षातून एकदा तरी बदलावी.

मला विचाराल तर त्याला या वेळापत्रकांची उगाच लाज वाटते. रकाने नेमके, अक्षर वाचनीय, काळ्या शाईची बचत. घरच्या प्रिंटरवर कुठलीही रेघ कापली जात नाही. स्टँडमागच्या काकांचा हात त्यात दिसतो. हत्तीत तो दिसत नव्हता.

त्याची खरी पंचाईत ओहायोत नाही, इथेच आहे. तिकडची अनोळखी बाई सात रेघांना निमूट पैसे मोजते. इकडे मात्र चुलत्यापासून चेअरमनपर्यंत प्रत्येकाचं काम 'पाच मिनिटांचं' असतं, आणि हल्ली त्याला जोड मिळाली आहे: "एआय फुकटात करून देतं म्हणे." एकाने तसं करूनही आणलं होतं. सत्यनारायणाचं आमंत्रण, त्यात पूजेला बसलेल्याच्या उजव्या हाताला सहा बोटं. सहावं काढायला तो याच्याकडेच आला.

तेव्हा लग्नसराईच्या तोंडावर एवढंच सांगतो. त्याच्याकडून पत्रिका करून घ्यायची असेल, तर मजकूर टाइप करून द्या, वहीच्या पानाचा तिरका फोटो पाठवू नका. 'आमचे येथे श्रीकृपेकरून'खाली कोणते काका राहिले, ते छपाईच्या आधी आठवा. अर्धे पैसे आधी द्या. उरलेले अर्धे येईपर्यंत वधूवरांच्या नावांवरून आडवा गेलेला 'नमुना' हा शिक्का तो काढत नाही, मग मुहूर्त उद्याचा का असेना.