जंगल समोर आहे जी

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील गावांविषयी प्रवाशांची मते दोन प्रकारची असतात: गाव पाहून झालेली आणि घरून निघण्याआधीच झालेली. दुसऱ्या प्रकारची मते जास्त टिकतात. त्यांतले सर्वांत जुने मत असे की हा सगळा मुलूख म्हणजे नुसते जंगल. हे मत तपासायला निघालेल्या माणसाची मात्र पंचाईत होते. पुणेकराला नागपूरच दूर वाटते. नागपूरकराच्या लेखी जंगल चंद्रपूरला लागते. चंद्रपूरकराला तसे म्हटले तर तो मनापासून दुखावतो आणि गडचिरोलीचे नाव सांगतो. गडचिरोलीच्या बसस्थानकाबाहेर चौकशी केली, तर पानठेलेवाला म्हणतो, "जंगल समोर आहे जी," आणि दक्षिणेकडे मान वळवतो. पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घालून तो खर्रा घोटत असतो. हात मोकळा नसल्यामुळे दिशा मानेनेच दाखवावी लागते.

नागपूरहून येताना पहिले मोठे गाव वरोरा. वरोऱ्याविषयी प्रवाशाला वेगळे मत नसते, कारण त्याच्या वाट्याचे सगळे मत आनंदवनाने घेतलेले असते. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये उभ्या केलेल्या या वसाहतीत लोक भारावतात, फोटो काढतात, हातमागाचे कापड घेतात आणि वरोरा गावाकडे न बघता पुढच्या रस्त्याला लागतात. वरोरेकरांनी याचे वाईट वाटून घेणे केव्हाच सोडून दिले आहे.

चंद्रपूरविषयीचे मत ऋतूप्रमाणे बदलते. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा ४५ अंशांवर मुक्कामाला असतो आणि कधी ४७ ओलांडतो. त्या दिवसांत आलेल्या माणसाला शहराविषयी काही विचारण्यात अर्थ नसतो. तो फक्त कुलरविषयी बोलू शकतो. स्थानिकांना मात्र या उन्हाचा छुपा अभिमान आहे. देशातील सर्वांत तप्त शहरांच्या यादीत चंद्रपूर आले नाही, तर सकाळच्या चहाला चव राहत नाही. ब्रह्मपुरीचा पारा अर्ध्या अंशाने वर गेल्याचे छापून आले की ब्रह्मपुरीचे तापमापक एकदा तपासून घ्यायला हवे, अशी शंका सभ्य शब्दांत व्यक्त होते. अकोल्याचे नाव निघाले तर शब्दही सभ्य राहत नाहीत.

शहराला गोंड राजांनी बांधलेला परकोट आहे. त्याला चार दरवाजे आणि पाच खिडक्या. खिडक्यांमध्ये एक चोर खिडकी आणि एक मसण खिडकी असल्याने जुन्या चांद्यात येण्याजाण्याच्या सगळ्या सोयी होत्या असे म्हणता येते. दरवाज्यांपैकी जटपुरा दरवाजा प्रवाशाला चुकवता येत नाही. हत्तीला वाट मिळावी असा हिशेब धरून बांधलेल्या या कमानीतून आज ऑटो, दुचाक्या आणि लग्नाची वरात एकाच वेळी जाऊ पाहतात. मग सगळेच थांबतात. दरवाज्यावर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे शिल्प आहे. ते गोंडराजांचे चिन्ह. इतर शहरांत असली शिल्पे लोक घाईघाईने पाहतात. इथे सिंहाची आयाळ मोजण्याइतका वेळ मिळतो, आणि या सोयीचे श्रेय वाहतूककोंडीला दिले पाहिजे.

चंद्रपुरात येणारा सर्वांत पैसेवाला प्रवासी चंद्रपूर पाहतच नाही. तो नागपूरच्या विमानतळावरून थेट मोहर्ली नाहीतर कोलारा गेट गाठतो. ताडोबा हे १९५५ पासूनचे राष्ट्रीय उद्यान, महाराष्ट्रातले पहिले. तिथे वाघ दिसला तर 'जिल्हा फार सुंदर आहे' आणि नाही दिसला तर 'तसं काही खास नाही' असे मत होते. मधला पर्याय नाही. ताडोबा मंगळवारी बंद असते. त्यामुळे महाकालीचे मंदिर, गोंडराजांच्या समाध्या आणि रामाळा तलाव पाहिलेले पर्यटक हे बहुधा मंगळवारचे पर्यटक असतात. वाघ चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरातही येतात, तिकीट न घेता दिसतात आणि मंगळवारची सुटीही पाळत नाहीत. तिथल्या रहिवाशांना यात गंमत वाटत नाही, आणि त्यांचे बरोबर आहे.

शेजारच्या बल्लारपूरविषयी ठाम मत असणाऱ्या भारतीयांची संख्या फार मोठी असावी. दिल्ली–चेन्नई मार्गावरच्या गाड्या तिथे थांबतात, त्या थांब्यात माणूस चहा पितो आणि आयुष्यभर पुरेल एवढे मत घेऊन डब्यात चढतो. स्थानकाचे नाव बल्लारशा असल्यामुळे आपण बल्लारपुरात चहा प्यालो हे त्यातल्या अनेकांना ठाऊकही नसते. मत बहुधा चांगलेच असते, कारण या स्थानकाच्या भिंतींवर ताडोबातले वाघ आणि पक्षी रंगवलेले आहेत. २०१८ मध्ये चंद्रपूर आणि बल्लारशा या दोन्ही स्थानकांना देशातील सुंदर स्थानकांच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले. फलाटावरचा वाघ कधीच हुकत नाही.

राजुऱ्यापलीकडे सिमेंटचे कारखाने आणि माणिकगडचा डोंगर ओलांडला की जिवती तालुका लागतो. तिथल्या १४ गावांवर महाराष्ट्राचाही हक्क आहे आणि तेलंगणाचाही. घरात दोन रेशनकार्डे, यादीत दोनदा नाव आणि प्रचाराला दोन राज्यांचे पुढारी असतात. दोन राज्यांना हवीहवीशी असलेली ही गावे पाहून आलेला प्रवासी रस्त्याविषयी मात्र एकाच राज्याला बोल लावत नाही.

उत्तरेकडच्या चिमूर आणि ब्रह्मपुरी या दोन गावांत परक्या माणसाने मत देताना जपून राहावे. दोन्ही गावांना जिल्हा व्हायचे आहे, आणि दोघांनाही दुसरे गाव तालुका म्हणून फार आवडते. चिमूरकर १६ ऑगस्ट १९४२ च्या क्रांतीपासून सुरुवात करतात. इतके मोठे कारण काढल्यावर पाहुण्याला हो म्हणावेच लागते. ब्रह्मपुरीकर इतिहासात शिरत नाहीत. ते कॉलेजे आणि दवाखाने दाखवतात. आसपासच्या चार तालुक्यांतला आजारी माणूस ब्रह्मपुरीच्याच रस्त्याला लागतो, त्यामुळे ब्रह्मपुरीविषयी सर्वाधिक मते सलाईन लावलेल्या अवस्थेत तयार झाली आहेत. चहाच्या टपरीवर कोणी सहज विचारल्यासारखे करून "जिल्हा कोन्ता व्हावा?" असे विचारले, तर चहाचे कौतुक करून उठावे. चांगल्या चहाला दोन्ही गावांत विरोध नाही.

ब्रह्मपुरीच्या पूर्वेला वैनगंगा ओलांडली की वडसा, म्हणजे नगरपालिकेच्या कागदावर देसाईगंज. हे झाडीपट्टी रंगभूमीचे मुख्य ठाणे. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडळांचे लोक इथे येऊन नाटके ठरवतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नाट्यसंस्थांच्या पाट्या आणि पोस्टरे असतात, आणि पोस्टरांवरच्या नावांवरून सगळे मराठी कुटुंबजीवन संकटात आहे असा समज होतो. मंडईच्या किंवा शंकरपटाच्या दिवशी रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेले नाटक पहाटे संपते. गावाच्या लोकसंख्येपेक्षा प्रेक्षक जास्त असतात, कारण घरोघर पाहुणे उतरलेले असतात. कुरखेड्याजवळच्या गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी.

पुण्या-मुंबईहून 'लोककला' पाहायला येणारा प्रवासी पुढच्या रांगेत बसतो. पहिल्या अंकात तो वहीत नोंदी करतो. खलनायक घराचा कागद बळकावतो तेव्हा त्याला हसू येते. लावणीनंतर तो जांभई देतो आणि दोनच्या सुमारास, नायिका विहिरीकडे निघालेली असताना, मान टाकून झोपतो. शेजारी चादर गुंडाळून बसलेली सत्तरीची आजी मात्र टक्क जागी असते. ती नायिकेला वेळेवर सावध करते आणि विनोदी नटाला उलट उत्तर देते. नंतर घरी गेल्यावर नाटक 'थोडे लांबले' असे मत देणारा हाच प्रवासी. त्याने ते पूर्ण पाहिलेलेही नसते. शहरी नाटके दोन तासांत आटोपतात हे आजीला सांगितले तर तिला ती फसवणूक वाटते.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला, आणि तेव्हापासून उर्वरित महाराष्ट्रातील सरकारी कर्मचाऱ्यांना त्याची भीती घालण्यात येते. बदलीचा हुकूम घेऊन आलेला माणूस हा इथला सर्वांत नाखूश प्रवासी. तो आठ दिवस घरच्यांना फोनवर धीर देतो, मग इंदिरा गांधी चौकात तर्री पोहा खातो आणि गावात शाळा, दुकाने, २०११ पासून विद्यापीठसुद्धा आहे हे त्याच्या लक्षात येते. सहा महिन्यांनी तो भाताचे वाण आणि मोहफुले यांवर बोलू लागतो. बदली रद्द करून घेण्यासाठी सुरुवातीला केलेली खटपट यशस्वी झाली की तो चक्क हळहळतो.

मात्र ज्याला संध्याकाळी घसा ओला करायचा असतो, त्याचे मत एवढे मवाळ होत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. त्यामुळे वैनगंगेच्या या काठावर ज्या गावाविषयी मन खट्टू होते, त्याच्या पलीकडच्या काठावरच्या गावाविषयी ते प्रसन्न होते, दोन्ही गावे दिसायला सारखी असली तरी. २०१५ पासून २०२१ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यातही बंदी होती. त्या सहा वर्षांत दोन्ही काठांविषयीची मते १९९३ नंतर प्रथमच सारखी झाली.

आलापल्लीला खरोखरच झाडे सुरू होतात. इथला सागवान प्रसिद्ध आहे आणि 'वनवैभव' हे राज्यातले पहिले जैवविविधता वारसास्थळ इथलेच. प्रवासी गाडीची काच खाली करून "हेच ना जंगल?" असे विचारतो. आलापल्लीचा माणूस त्याला भामरागडचा रस्ता दाखवतो. त्या रस्त्यावर हेमलकसा आहे, जिथे १९७३ मध्ये लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. तो चालवणाऱ्या डॉ. प्रकाश आमटे यांच्यावर २०१४ मध्ये चित्रपट आल्यानंतर इथे बसेस भरून लोक येऊ लागले. एक मुक्काम करून ते 'गडचिरोली पाहिली' असे सांगतात, जे हेमलकशाबाबत खरे आहे. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की आत असलेल्याला बाहेर आणि बाहेर असलेल्याला आत जाता येत नाही. अशा वेळी अडकलेल्याचे मत पाणी ओसरेपर्यंत छापण्याजोगे नसते. जंगलाचा पत्ता भामरागडकरही देतात: नदीपलीकडे, छत्तीसगडात, अबुझमाडला.

उरले सिरोंचा. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहितेच्या काठी, गडचिरोलीपासून सुमारे २०० किलोमीटर. इथे बाजारात तेलुगू चालते, सिनेमे हैदराबादचे लागतात आणि पुलापलीकडे कालेश्वर आहे. इतक्या लांब आल्यावर आपण दुर्गमतेच्या टोकाला पोचलो, असे प्रवाशाला वाटते. सिरोंचेकराला तसे अजिबात वाटत नाही. त्याला वरंगळ, हैदराबाद सोयीचे. एका दाखल्यासाठी दिवस घालवून, खड्डे मोजत, झाडीतून जावे लागते असे आडवळणाचे ठिकाण त्याच्या मते एकच, ते म्हणजे गडचिरोली. ज्याच्या नावाने हा सगळा प्रवास करावा लागतो तो कलेक्टर एवढ्या लांब असल्यामुळे की काय, सिरोंच्याने आपल्या सर्वांत मोठ्या आंब्याचे नाव 'कलेक्टर' ठेवले आहे. तो उन्हाळ्यात मिळतो, आणि त्याला भेटायला अर्ज लागत नाही.