ओला कोश

नानांना सर्दी झाली की वाड्यात कुणी विचारपूस करत नाही. "कफ झालाय वाटतं?" असं सहज विचारणारा शेजारी त्यांच्या ओट्यावर अडकलाच. "कफ हा दोष. वाग्भटाने त्याचे पाच प्रकार सांगितलेत. तो तुमच्यातही आहे. खोकल्यावर पडतो तो बेडका. नाकातून वाहतो तो शेंबूड. तोच वाळला की मेकूड." एवढं बोलून नाना समोरच्याला चहा देतात. चहा तसाच निवतो.

सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थाच्या उशाशी मोल्सवर्थचा कोश असतो, १८५७च्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण. पंगतीत त्यांच्या शेजारचा पाट रिकामा राहतो, कारण खरवस वाढला की ते हमखास म्हणतात, "हा दुधाचा नव्हे, चिकाचा. उंबराला निघतो तोही चीक."

पण त्यांचा खरा अधिकार लाळ आणि थुंकीवर. "लाळ आपोआप सुटते, थुंकी टाकावी लागते. लाळ घोटणारा निदान स्वतःची घोटतो हो! थुंकी झेलणारा साहेबाची झेलतो. आमच्याकडे घोटणाऱ्यांना बढती मिळायची, झेलणाऱ्यांना बढती आणि क्वार्टर." मोल्सवर्थसाहेबालाही एवढा पुरावा मिळाला नसेल.

"आणि तुम्ही, नाना?"

"मी कोरडा राहिलो. म्हणून तर हेडक्लार्क."

२०२१ साली लसीकरणाच्या रांगेत तर त्यांना शेकडो श्रोते आयते मिळाले. "लस म्हणजे काय, ठाऊक आहे? जखमेतून पाझरतं ते पातळ पाणी. दाट झालं की पू. १७९६ साली जेनरने गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस घेऊन एका पोराला टोचली. पुढे वासरांच्या अंगावर मुद्दाम फोड उठवायचे, ते खरवडायचे..."

पुढच्या दोन बायका पदर नाकाला लावून सावलीत गेल्या. एका तरुणाला एकदम फोन आला. "आता त्यात तसलं काही नसतं, नाव तेवढं राहिलं," हे नानांनी सांगितलं तेव्हा ऐकायला फक्त माई उरल्या होत्या आणि समोर नर्सबाई बाही वर करा म्हणत होती.

"रेशनच्या दुकानातही यांनाच नेते मी," माई म्हणाल्या.