घराला चाकं असावीत, पण ती फिरू नयेत

अमेरिकेतल्या मराठी घरांत उन्हाळा जवळ आला की भारतातून आई-बाबा मुक्कामाला येतात आणि त्यांना यलोस्टोन कसं दाखवायचं यावर खल सुरू होतो. मोठ्या प्रवासाला बाबांचे गुडघे तयार नसतात आणि रस्त्यावरच्या बाथरूमांवर आईचा विश्वास नसतो. अशा वेळी घरातला हिशेबी माणूस आरव्हीचं नाव काढतो. चाकांवरचं घर, आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, संडास, न्हाणी. ‘हॉटेलचे पैसे वाचतात, जेवणाचे वाचतात, शिवाय घरच्यासारखं,’ असं तो एका दमात म्हणतो आणि बैठक जिंकतो. आरव्हीला माझा विरोध नाही, पण या तिन्ही दाव्यांना आहे. या वाहनाचा खर्च चाकं फिरताना होतो आणि सुख चाकं थांबल्यावर मिळतं. त्यामुळे हजारो मैलांच्या प्रवासासाठी ती घेणं म्हणजे जास्तीत जास्त पैसे मोजून तिच्यातलं कमीत कमी सुख पदरात पाडून घेणं.

हिशेब मांडूनच बघू. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासून यलोस्टोन साडेनऊशे मैलांवर आहे. जाणं-येणं, वाटेतलं सॉल्ट लेक सिटी आणि उद्यानातलं फिरणं मिळून दहा रात्री आणि अडीच हजार मैल धरू. सहा माणसांना पुरेल अशी मध्यम आकाराची आरव्ही, ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा पलंग असलेली, जिला तिथे क्लास सी म्हणतात, ती रोजच्या २०० डॉलरने मिळाली असं समजू. मोसमात याहून स्वस्त मिळाली तर घेणाऱ्याने आधी छत गळतं का ते बघावं. हे झाले २,००० डॉलर. करारात मैलांचे पैसे बहुधा वेगळे असतात, मैलाला ३५ सेंटने ते ८७५. ‘ॲव्हरेज किती देते?’ हा आपला लाडका प्रश्न इथे विचारूच नये, कारण उत्तर गॅलनला दहा मैल, म्हणजे लिटरला सव्वाचार किलोमीटर असं येतं. इतपत ॲव्हरेज आपली एसटीही देते, आणि ती निदान चाळीस माणसं नेते. गॅलनला चार डॉलर धरून पेट्रोलचे १,०००. रात्री गाडी उभी करायची जागाही फुकट नसते. पाणी, वीज आणि ड्रेनेज असलेली जागा ६० डॉलरने धरली तरी ६००. एकूण ४,४७५. आता शेजारच्या रकान्यात घरची मिनीव्हॅन आणि मोटेलच्या दोन खोल्या मांडा. पेट्रोल ४००, खोल्या दीडशेच्या दराने ३,०००, बेरीज ३,४००. यलोस्टोनच्या दारात उन्हाळ्यात दीडशेला खोली मिळत नाही हे खरं, पण त्याच दिवसांत आरव्हीही दोनशेला मिळत नाही, तेव्हा झळ दोन्हीकडे सारखीच समजू.

म्हणजे आरव्ही १,०७५ डॉलरनी महाग, रोजचे साधारण १०७. तेवढे बाहेरच्या जेवणात जातातच, असं हिशेबी माणूस म्हणेल. जातात, कबूल. पण मोटेलात सकाळचा नाश्ता बहुधा भाड्यातच असतो, खोलीत मायक्रोवेव्ह असतो, आणि मराठी कुटुंब साध्या गाडीने निघालं तरी राइस कुकर, मेतकूट आणि गूळपोळ्यांचा डबा घेतल्याशिवाय निघत नाही. जेवणाची बचत आरव्हीच्या खात्यावर जमा करणं हा सरळसरळ अन्याय आहे, ती आईच्या खात्यावर जमा व्हायला हवी. फार ताणून धरलं तर दोन्ही रकाने सारखे येतील, एवढंच कबूल करता येतं. आणि यात साफसफाईचे, विम्याचे, जनरेटर तासावर चालवण्याचे पैसे मी धरलेलेच नाहीत.

विकत घेतली तर परवडेल, असं म्हणणाऱ्यांचा पंथ वेगळा आहे. त्यांचा घोटाळा असा की ती वस्तू दिसते घरासारखी आणि झिजते गाडीसारखी. घराची किंमत वर्षागणिक वाढते या सवयीने आपण तिच्याकडे बघतो, आणि ती शोरूमच्या फाटकातून बाहेर पडताक्षणी उतरायला लागते. अमेरिकेच्या आयकर खात्यानेही या गैरसमजाला हातभार लावला आहे. झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असेल तर आरव्हीला दुसरं घर मानून तिच्या कर्जाच्या व्याजावर काही अटींवर सूट मिळते. घर कशाला म्हणावं यावर तत्त्वज्ञांनी ग्रंथ लिहिले असतील, आयकर खात्याने तो प्रश्न एका कमोडवर मिटवला. पण वर्षातले अकरा महिने हे दुसरं घर पहिल्या घराच्या दारात उभं करायलाही बऱ्याच वसाहतींच्या सोसायट्या परवानगी देत नाहीत. मग महिन्याच्या भाड्याने दुसरीकडे जागा घ्यायची. थंडीच्या प्रदेशात पाइप फुटू नयेत म्हणून दर हिवाळ्याआधी नळांतून गुलाबी रंगाचं अँटीफ्रीझ खेळवायचं. टायरांची गंमत तर और आहे. ते पळून झिजत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात, आणि नक्षी नव्यासारखी दिसत असतानाही पाच-सात वर्षांत बदलावे लागतात.

बरं, पैशाचं सोडा, सुख तरी प्रवासात असावं. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच, पण इथे ते ताशी साठ मैलांनी लागतं, सलग सहा तास. बाजूने मोठा ट्रक गेला की सगळं घर त्याच्याकडे झुकतं. आत चालता-फिरता येतं हे जाहिरातीतलं सर्वांत मोठं सुख प्रत्यक्षात घ्यायचं नसतं, कारण गाडी चालू असताना सगळ्यांनी पट्टे बांधून बसायचं असतं. म्हणजे ज्या संडासासाठी हा सगळा खटाटोप केला त्यासाठीही गाडी बाजूला घेऊन थांबावंच लागतं, आणि बाहेर ‘रेस्ट एरिया’ची पाटी असते. उंचीचं वेगळंच. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावात रेल्वेचा एक पूल आहे, ११ फूट ८ इंचांचा. छतावर एसी बसवलेल्या आरव्ही आणि भाड्याचे ट्रक त्याने वर्षानुवर्षं डबे उघडावेत तसे उघडले. लोकांनी त्याला ‘कॅन ओपनर’ असं नाव ठेवलं. शेवटी २०१९ मध्ये तो आठ इंच उचलला, तरीही लोक आपटायचे थांबले नाहीत. स्वतःच्या घराची उंची किती हे माहीत असण्याची गरज आयुष्यात दुसरीकडे कुठेच पडत नाही. लांबीचंही तेच. माँटानातल्या ग्लेशियर उद्यानात ‘गोइंग-टू-द-सन रोड’ हा देखणा डोंगरी रस्ता आहे, त्याच्या मधल्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला मज्जाव आहे. क्लास सी आरव्ही बहुधा त्याहून लांबच असते. एवढा प्रवास करून, दारात येऊन, देखावा सोडून परत फिरायचं, आणि तेही गाडी रिव्हर्स घेत.

संध्याकाळी मुक्कामी पोचलं की माणूस पर्यटक राहत नाही, नगरपालिका होतो. पाणीपुरवठा खातं तोच, वीज मंडळ तोच, मलनिःसारण विभागही तोच. आधी चाकांखाली ठोकळे सरकवून गाडी समतल करायची, कारण बऱ्याच आरव्हींतला गॅसवर चालणारा फ्रीज तिरका उभा राहिला तर नीट गार करत नाही. मग पाण्याचा पाइप, मग तीस अँपियरची जाड वायर. निघताना उलट क्रमाने सगळं काढायचं. खरा अभ्यासक्रम मात्र टाक्यांचा. बेसिन आणि न्हाणीचं पाणी करड्या टाकीत, संडासाचं काळ्या टाकीत. हातमोजे घालून सुरळीचा पाइप गाडीच्या पोटाला अडकवायचा, दुसरं टोक जमिनीतल्या भोकात, आणि आधी काळ्या टाकीची झडप ओढायची, नंतर करडीची, म्हणजे साबणाचं पाणी पाइप धुऊन नेतं. हा क्रम कोणी एकदाच चुकवतो. टाकी किती भरली हे दाखवणारे दिवे आत कागद चिकटल्यामुळे कायम दोन-तृतीयांशवर असतात, त्यामुळे निर्णय अनुभवाने किंवा नाकाने घ्यावा लागतो. एका बाबतीत मात्र आपण अमेरिकनांपेक्षा सरस ठरतो. गरम पाण्याची टाकी बहुधा सहा गॅलनची, म्हणजे बावीस-तेवीस लिटरची असते. शॉवरखाली गाणी म्हणणाऱ्यांना ती पुरत नाही. बादलीत आंघोळ करून वाढलेल्या माणसाला तेवढ्यात डोक्यावरूनही आंघोळ जमते.

‘हे सगळं मान्य, पण स्वातंत्र्य?’ हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. वाटेल तिथे थांबा, वाटेल तेव्हा निघा. पण लोकप्रिय राष्ट्रीय उद्यानांतल्या जागा सहा-सहा महिने आधी खुल्या होतात आणि काही मिनिटांत संपतात, त्यामुळे जुलैतल्या मंगळवारी आपल्याला कुठे थांबावंसं वाटणार हे जानेवारीतच ठरवावं लागतं. खरं स्वातंत्र्य पश्चिमेकडच्या सरकारी मोकळ्या जमिनींवर आहे. तिथे बऱ्याच ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. तिथे नळ नाही, वीज नाही, शेजारी नाही, आणि चौदा दिवस कायद्यात असले तरी प्रत्यक्षात मुक्काम किती हे काळी टाकी ठरवते. जॉन स्टाइनबेक १९६० मध्ये ट्रकवर छोटं घर बसवून, त्याला डॉन किहोटेच्या घोड्याचं नाव देऊन, कुत्र्याबरोबर अमेरिका बघायला निघाला. १९६२ साली आलेलं त्याचं पुस्तक वाचून पुष्कळ लोकांना चाकांवरच्या घराची स्वप्नं पडली. त्याच पुस्तकात शिकागोला बायको भेटायला आल्यावर तो चांगल्या ऐसपैस हॉटेलात उतरतो, हे मात्र ती स्वप्नं बघणारे विसरतात. त्याला मी दोष देणार नाही. बायकोला काळी टाकी दाखवायला बोलावत नसतात.

आता पुरावा दुसऱ्या बाजूने बघा. आरव्हीत खरोखर सुखी कोण दिसतं? मिशिगन, मिनेसोटा किंवा कॅनडाच्या बर्फातून निघून हिवाळाभर ॲरिझोनात येऊन राहणारे निवृत्त लोक. ते एकदा येतात, ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात किंवा एखाद्या पार्कात गाडी लावतात आणि वसंतापर्यंत हलत नाहीत. पुढे चांदणी लागते, चांदणीखाली खुर्च्या येतात, खुर्च्यांपुढे कुंड्या. काही जण लाकडी ओटाही बांधून घेतात. बाजारात जायला मागे बांधून आणलेली लहान गाडी असते, कारण दुधाच्या एका कॅनसाठी नळ, वायर आणि गटार सोडवून सगळं घर घेऊन जाणं कोणालाच परवडत नाही. या धंद्यात ‘पार्क मॉडेल’ म्हणून एक प्रकारही मिळतो. चाकं असतात, पण एकदा नेऊन ठेवलं की कायमचं, म्हणजे कारखानदारांनाही ही गोष्ट केव्हाच कळलेली आहे. घरभाडं न परवडल्याने जे गाडीतच राहतात त्यांना मी या हिशेबात ओढत नाही. त्यांची हलाखी हा सहलीचा विषय नव्हे.

यावर हिशेबी माणसाचा अखेरचा डाव तयारच असेल: ‘उभंच राहायचं तर केबिन घ्यावी!’ घ्यावी, पण यलोस्टोनमधल्या केबिनींना स्वयंपाकघर नसतं, आणि त्याही कितीतरी आधी भरलेल्या असतात. आपली शेगडी, आपली गादी आणि रात्री तीन वाजता चार पावलांवर आपला संडास हे आरव्हीचं खरं देणं आहे, आणि साठीच्या पुढच्या माणसाला ते किती मोठं आहे हे चाळिशीतल्याने ठरवू नये. उद्यानात सगळ्या सोयी एकत्र असलेलं कॅम्पग्राउंड एकच, फिशिंग ब्रिजला. तिथे तंबू चालत नाहीत, पक्क्या भिंतींचीच गाडी लागते, कारण आसपास ग्रिझली अस्वलं हिंडतात. आमटीला लसणाची फोडणी द्यायची तर पत्र्याच्या आत राहूनच दिलेली बरी. धुराचा अलार्म शेगडीपासून हातभर अंतरावर असल्याने तो मात्र वाजणारच.

तेव्हा माझा सल्ला असा. बोझमनपर्यंत विमानाने जावं, साधी गाडी भाड्याने घ्यावी, आणि वेस्ट यलोस्टोनच्या बाजूला एखाद्या खाजगी कॅम्पग्राउंडवर पाच-सहा रात्रींसाठी आरव्ही आणवून घ्यावी. हो, आणवून. मालक स्वतः गाडी घेऊन येतो, ठोकळे लावतो, नळ-वायर जोडतो आणि चावी देऊन निघून जातो, अशी सोय बऱ्याच ठिकाणी मिळते. तिथून ओल्ड फेथफुल हे उद्यानातलं गरम पाण्याचं कारंजं तीस मैलांवर आहे. दिवसभर लहान गाडीने कुठल्याही वळणावर, कुठल्याही पार्किंगात शिरता येतं, पुलाची पाटी वाचावी लागत नाही, आणि संध्याकाळी बाबांना गुडघे पसरून चहा मिळतो. ‘मग चाकांचे पैसे कशाला द्यायचे?’ असं हिशेबी माणूस विचारेलच. ती चाकं आपल्यासाठी नसतात, मालकासाठी असतात. वारा, चढ, लिटरला सव्वाचार किलोमीटर, सगळं त्याचं. शेवटच्या दिवशी तो गाडी घेऊन जातो तेव्हा काळी टाकीही त्याच्याबरोबर जावी अशी अपेक्षा असते. ते कलम करारात आहे का, हे मात्र सही करण्यापूर्वी बघून घ्यावं.