शेवटचा पॉइंट

बेळगावजवळच्या कंग्राळीत सुट्टीला आलेल्या भाच्यानं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ मांडला. १९७४ चा अमेरिकी खेळ.

“मामा, राक्षसानं तुमच्या योद्ध्याला कुऱ्हाड घातली. एकच हिट पॉइंट उरला.”

“मग हात चालतो का?”

“पहिल्यासारखाच. शून्य झाला की आडवा.”

हे पॉइंट म्हणजे नुसतं रक्तमांस नव्हे. खेळाच्या दोन कर्त्यांपैकी गॅरी गायगॅक्सनं १९७९ मध्येच लिहिलं, त्यात कसब, नशीब आणि दैवी कृपाही धरायची. आमच्या तांबड्या मातीत असली उधारी नाही. पाठ टेकली, कुस्ती संपली.

आमचा महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न मात्र हाच खेळ खेळतोय. १९५६ मध्ये बेळगाव कानडी राज्यात गेल्याचा घाव, १९६७ चा महाजन अहवाल, तरी गडी १ नोव्हेंबरला काळी फीत लावून हजर! २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेला दावा अजून पटावरच आहे.