मोकळ्या रानाचे दर

ग्लॅम्पिंग, म्हणजे मुक्काम तंबूतच पण पलंग, जाड गादी आणि लाकडाच्या शेगडीसह, या प्रकाराने इंग्लंडमधील डर्बिशायरच्या डोंगराळ भागात चांगलेच बस्तान बसवले असून, शहरी पाहुण्याला चिखलही हवा असतो आणि अंघोळीला गरम पाणीही, हे तेथील शेतकऱ्याने चोख ओळखले आहे. पाहुण्यास सुचवल्या जाणाऱ्या गोष्टींत बेकवेल गावचे पुडिंग असते, ड्यूक ऑफ डेव्हनशायर या उमराव घराण्याचा चॅट्सवर्थ वाडा असतो आणि अर्थातच किंडर स्काउट हे पठार असते. हे पठार ड्यूकच्या मालकीचे आणि ग्राउस या रानपक्ष्याच्या शिकारीसाठी राखीव असताना (शिकार होईपर्यंत या पक्ष्यांना एकांताची फार गरज असे), २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो पदयात्री, बहुतेक कामगार तरुण, विनापरवाना त्यावर चढले, राखणदारांशी त्यांची झटापट झाली आणि पाच जणांना तुरुंगवास घडला. आज तीच पायपीट निसर्गानुभव ठरते व तिच्यासाठी पाहुणा आपखुशीने खिसा हलका करतो. २००२ साली तत्कालीन ड्यूकने त्या प्रकरणाबद्दल जाहीर माफी मागितली. वाडा आतून पाहण्यास तिकीट मात्र अजूनही पडते.