रूममधली पंगत

महाबळेश्वरला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या गाडीत कपड्यांची बॅग एक आणि खाऊच्या पिशव्या तीन. दशम्या दुधात भिजवलेल्या, म्हणजे ‘चार दिवस काही होत नाही’. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भडंग आणि ‘असू दे बाई’ म्हणून लोणच्याची बाटली, जिचं झाकण पसरणीच्या घाटातच सैल होतं.

हॉटेल ठरवताना मात्र ‘रेस्टॉरंट चांगलं आहे ना?’ हे खोदून खोदून विचारलेलं असतं. मग रूममधल्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर वर्तमानपत्र अंथरून पंगत बसते. चहाच्या किटलीत मॅगी शिजते. पुढच्या पाहुण्याच्या चहाला मसाल्याचा वास का येतो, हे त्याचं त्यानं बघावं. मेनूकार्ड उघडतं ते केवळ करमणुकीपुरतं: “वरणभात? आणि इतक्याला?”

फुकटच्या नाश्त्याला मात्र अख्खं कुटुंब दार उघडायच्या आधी हजर. पोटभर खाऊन झाल्यावर उकडलेली अंडी आणि बटरच्या वड्या टिश्यूत गुंडाळून आजीच्या पर्समधून वर येतात. आजी स्वतः अंड्याला शिवत नाहीत, पण पैसे भरलेत ना!

निघताना मॅनेजर अदबीनं विचारतो, “जेवण कसं वाटलं, सर?”

“छान,” बाबा म्हणतात, “चटणीत मीठ जरा जास्त झालं होतं.” आणि आई डोळे वटारते.